एकाकी बेटावरचे सजीव : काल्पनिक जग रचताना सुरुवात कुठून करावी?

ओहोटी

गेली दीड वर्षे मी एका कादंबरीवर काम करते आहे. तिचे सगळे कथानक एकाच बेटावर घडते. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले आहे, कोणत्याही खंडाशी ते कधीही जोडलेले नव्हते, आणि सर्वांत जवळची मुख्यभूमी तेथून सुमारे २००० किलोमीटर दूर आहे. त्याचे वय मी ३० लाख वर्षे धरले आहे. इतक्या काळात तेथील सजीवसृष्टी अगदी निराळ्या वाटेने उत्क्रांत झाली असेल, या कल्पनेनेच मला हे लेखन सुरू करावेसे वाटले.

पहिल्या खर्ड्यात मी गुडघ्याएवढे हत्ती, झाडांवर राहणारे कोल्हे, रात्री चमकणारे बेडूक आणि माणसाला उचलून नेणारा गरुड अशी मंडळी वसवली. ज्या मैत्रिणीने तो खर्डा वाचला, ती म्हणाली, "प्रत्येक प्राणी सुंदर आहे, पण हे प्राणी एकमेकांचे शेजारी वाटत नाहीत." हे वाक्य काही केल्या मनातून जात नाही, कारण ते खरे आहे. मी प्राणी एकेक करून सुचतील तसे आणून ठेवले आणि त्यांच्यामध्ये बेट उभे राहिलेच नाही.

माझा प्रश्न असा की, अशा बेटाची सृष्टी रचताना सुरुवात नेमकी कुठून करावी? आधी प्राणी ठरवावेत, की हवामान, की झाडे? ज्यांनी असे काही लिहिले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अक्षांश

सुरुवात समुद्रापासून करा. तुमच्या बेटावर कोण आहे हे ठरवण्याआधी तेथे कोण पोहोचूच शकले नाही, याची यादी करा. २००० किलोमीटर खारे पाणी ही फार कडक चाळणी आहे. उडणारे पक्षी, वटवाघळे, वाऱ्यावर तरंगणारे कोळी, शेवाळाचे आणि नेच्यांचे बीजाणू, पक्ष्यांच्या पायांना चिकटलेल्या किंवा पोटातून आलेल्या बिया, लाटांवर वाहत येणारी फळे, एवढेच तिच्यातून सुटतात. गोड्या पाण्यातले मासे आणि मोठे सस्तन प्राणी तर अलीकडच्या किनाऱ्यावरच अडकतात. बेडकांची कातडी आणि अंडी खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत.

हवाई बेटे कोणत्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. माणूस येण्यापूर्वी तेथे एकही बेडूक नव्हता, जमिनीवरचा एकही सरपटणारा प्राणी नव्हता आणि मुंग्यासुद्धा नव्हत्या. आजच्या मूळ सस्तन प्राण्यांत एक वटवाघूळ आणि एक सील, एवढेच मोजता येतात. तेव्हा तुमचे हत्ती, कोल्हे आणि बेडूक असे तिघेही मला या बेटावरून काढून टाकावेसे वाटतात.

ओहोटी

अक्षांश, तुमचे म्हणणे पटते, पण मग माझ्या हातात पक्षी, किडे आणि झाडे एवढेच उरतात. वाचकाला खिळवून ठेवायला एवढे पुरेल का, अशी खरोखरच भीती वाटते.

गवताचे पाते

ओहोटी, पुरेल, आणि तेच तुमच्या कादंबरीचे बळ ठरेल. कोण आले नाही हे कळले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : त्यांचे काम कोण करते? गवत आणि पाला खाणारे कुणी नसेल तर पाला कोण खाते? उंदीर नसतील तर जमिनीवर पडलेल्या बिया कोण वेचते? बेटावरची नवलाई या रिकाम्या राहिलेल्या जागांतून जन्माला येते.

न्यूझीलंडचे उदाहरण घ्या. तेथे वटवाघळांखेरीज जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी नव्हते. हरणांच्या जागी मोआ नावाचे न उडणारे पक्षी चरत होते, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या जातीच्या माद्या मान उंचावल्यावर सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोहोचत. त्यांची शिकार करणारे वाघ-लांडगे नव्हते म्हणून ते काम एका प्रचंड गरुडाने उचलले, ज्याचे वजन १० ते १५ किलो असावे. (तुमचा गरुड त्यामुळे शाबूत राहतो, मात्र त्याला माणसाच्या आधी खायला मोठे पक्षी द्यावे लागतील.) जमिनीवर रात्री हिंडण्याचे काम काकापो या न उडणाऱ्या जाडजूड पोपटाकडे आले. उंदरांसारखे जगणे वेटा नावाच्या मोठ्या किड्यांच्या वाट्याला आले.

हवाईतील एक उदाहरण मला सर्वांत जास्त आवडते. सुरवंट म्हटले की आपल्याला पाने कुरतडणारा जीव आठवतो. तेथे मात्र काही सुरवंट पानाच्या कडेला काडीसारखे ताठ उभे राहतात आणि अंगाला माशी टेकली की क्षणार्धात वळून तिला पकडून खातात. पानावर दबा धरून बसणारा हा सुरवंट पाहिल्यावर, मोठा हिंस्र प्राणी असल्याशिवाय भय निर्माण होत नाही, हा माझा समज गेला.

झाडांचेही तसेच आहे. चरणारे प्राणी नसलेल्या बेटावर काटे, विष आणि उग्र वास बाळगणे हा निव्वळ भुर्दंड ठरतो. हवाईत पुदिन्याच्या कुळातील बऱ्याच झाडांचा उग्र वास जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि तेथील रासबेरीच्या झुडपांना काटे फार कमी उरले आहेत. तुमची नायिका रानातून धावत जाते आणि तिला एकही काटा टोचत नाही, एवढ्या एका प्रसंगातून त्या बेटाचा सगळा इतिहास सांगता येईल.

मृगजळ

मला येथे स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. कादंबरी हा प्रबंध नसतो. सातासमुद्रांपलीकडच्या बेटांच्या गोष्टी माणूस हजारो वर्षे ऐकत आला, आणि त्या गोष्टींतले पक्षी आणि राक्षस कुणी चाळणीतून गाळून घेतले नव्हते. वाचकाला विस्मय हवा असतो. लेखिकेच्या मनात चमकणारे बेडूक आले असतील, तर ते का आले याचा विचार करण्याऐवजी ते कातडीच्या कारणाने पुसून टाकणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ३० लाख वर्षांच्या काळात एखादी अशक्यप्राय घटना एकदा तरी घडू शकत नाही का?

भूस्तर

मृगजळ यांच्या शेवटच्या प्रश्नात फार तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

१९९५ साली चक्रीवादळांनंतर कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळून पडलेल्या झाडांचा आणि ओंडक्यांचा एक मोठा तराफा येऊन लागला, आणि त्यावर किमान १५ हिरवे इग्वाना होते. त्या बेटावर ही जात त्याआधी नव्हती. मादागास्करमधील लेमूरांचे पूर्वजही आफ्रिकेतून असेच, वाहत्या झाडोऱ्यावर बसून, अरुंद ठिकाणीही सुमारे ४०० किलोमीटर रुंद असलेली सामुद्रधुनी ओलांडून आले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज तेथे लेमूरांच्या १०० हून अधिक जाती आहेत.

बेडकांबद्दल सांगायचे तर साओ टोमे आणि प्रिन्सिपे ही आफ्रिकेच्या पश्चिमेची ज्वालामुखीची बेटे पाहावीत. ती मुख्यभूमीला कधीही जोडलेली नव्हती, तरीही तेथे मूळचे बेडूक आहेत आणि देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बेडकांचा बिनपायांचा नातलग) सुद्धा आहे. मोठ्या नद्यांच्या पुराने समुद्राच्या पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा थर दूरवर पसरला असताना, झाडोऱ्याच्या तराफ्यांवरून ते तेथे पोहोचले असावेत, असे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले जाते. मात्र साओ टोमे मुख्यभूमीपासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे, २००० वर नाही.

म्हणजे बेडूक ठेवायचे असतील तर बेट जवळ आणावे आणि समोरच्या किनाऱ्यावर एक महानदी ठेवावी. एका अशक्यप्राय घटनेची सवलत लेखकाला जरूर आहे, पण तिचा मोबदला भूगोलाने द्यावा लागतो. शिवाय एकदा बेडूक पोहोचले की त्यांच्या पाठोपाठ बाकी सगळे कसे बदलेल, हेही लिहावे लागते, कारण डबक्यातले डास खाणारा कुणी तरी आता आलेला असतो.

मृगजळ

साओ टोमेची माहिती मला नव्हती आणि ती वाचून फार आनंद झाला. माझ्या म्हणण्यातला अर्धा भाग मी मागे घेतो. उरलेला अर्धा असा की, महानदी आणि पूर यांचे वर्णन कादंबरीत कुठेही आले नाही तरी चालेल. लेखिकेला ते माहीत असले म्हणजे पुरे.

शेवाळ

हत्तींविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. गुडघ्याएवढे नव्हे, पण कमरेएवढे हत्ती खरोखरच होऊन गेले. सिसिली आणि माल्टा येथे सापडलेल्या एका जातीच्या पूर्ण वाढ झालेल्या हत्तीची उंची जेमतेम १ मीटर होती. हत्ती चांगले पोहतात, त्यामुळे काही किलोमीटरांचे पाणी ते ओलांडू शकतात. तुमच्या २००० किलोमीटरांवर मात्र त्यांना आणता येणार नाही, हे अक्षांश यांचे म्हणणे योग्यच आहे.

बेटावर मोठे प्राणी लहान होतात आणि लहान प्राणी मोठे होतात, हा नियम १९६४ मध्ये फॉस्टर या जीवशास्त्रज्ञाने मांडला. नवे लेखक तो सूत्रासारखा वापरतात आणि तेथेच फसतात. मोठा प्राणी लहान का होतो? बेटावर अन्न मर्यादित असते, दुष्काळात पळून जायला दुसरा प्रदेश नसतो, आणि शिकारी नसल्यामुळे मोठ्या देहाचे संरक्षण निरुपयोगी ठरते, तेव्हा कमी खाऊन लवकर वयात येणारे टिकतात. लहान प्राणी मोठा का होतो? बिळात लपण्याची गरज संपते आणि मोठ्या प्राण्यांशी स्पर्धा उरत नाही. ही कारणे तुमच्या बेटावर लागू असतील तरच आकार बदलतील.

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. २००३ साली लिआंग बुआ या गुहेत जिचे अवशेष सापडले ती मानवाची नामशेष जात जेमतेम १०६ सेंटिमीटर उंचीची होती. तिच्यासोबत खुजे स्टेगोडॉन (हत्तींचे नामशेष नातलग) होते, मोठाले उंदीर होते आणि कोमोडो ड्रॅगनही होते. या सगळ्यांना एकाच रानात, एकाच पाणवठ्यावर पाहण्याची कल्पना करा. तुमच्या मैत्रिणीला जे शेजारीपण हवे होते, ते येथे आहे, कारण प्रत्येकाचा आकार दुसऱ्याच्या असण्यामुळे किंवा नसण्यामुळे ठरलेला आहे.

शिंपला

उडणे सोडण्याबद्दल दोन वाक्ये जोडतो. पंख पोसायला फार अन्न लागते, त्यामुळे शत्रू नसला की पक्षी ते आश्चर्यकारक वेगाने सोडतात. हिंदी महासागरातील अल्डाब्रा हे प्रवाळबेट सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्राखाली गेले आणि तेथील पाणकोंबडीच्या कुळातील न उडणारा पक्षी संपला. बेट पुन्हा वर आल्यावर मादागास्करकडून तेच उडणारे पूर्वज पुन्हा आले आणि पुन्हा न उडणारे झाले, असे जीवाश्मांवरून दिसते. एकाच बेटावर एकच गोष्ट दोनदा घडली, यात एका कादंबरीचे बीज आहे असे मला वाटते.

भूस्तर

शिंपला यांच्यामुळे बेटाच्या वयाचा मुद्दा आठवला. ओहोटी, तुम्ही ३० लाख वर्षे धरली आहेत, पण एकटे बेट क्वचितच असते. समुद्रतळाखालच्या एकाच तप्त स्थानावरून भूपट्ट सरकत जातो, तेव्हा एकामागून एक बेटे जन्मतात, झिजतात आणि बुडतात. हवाईतील मोठ्या बेटांपैकी कौआई सुमारे ५० लाख वर्षांचे आहे आणि सर्वांत नवे बेट १० लाखांहूनही कमी वयाचे आहे. मात्र तेथील फळमाश्यांचा वंश सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आला असावा, असा अंदाज आहे. म्हणजे त्या माश्या आज बुडालेल्या बेटांवर उतरल्या आणि जुने बेट खचत असताना शेजारच्या नव्या बेटावर जात राहिल्या.

तुमच्या बेटाच्या वायव्येला बुडालेल्या बेटांची एक रांग ठेवा. मग तुमचे सजीव त्यांच्या जमिनीपेक्षाही जुने असतील.

अक्षांश

भूस्तर, हे फार मोलाचे आहे. त्याला थोडी पुरवणी देतो. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीनच असते असेही नाही. रुमानियातील मोविले गुहा १९८६ साली उघडकीस आली, आणि त्याआधी सुमारे ५५ लाख वर्षे ती बाहेरच्या जगापासून तुटलेली होती असे मानले जाते. तेथे सूर्यप्रकाश नाही. गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू अन्नसाखळीच्या तळाशी आहेत आणि त्यांच्यावर कोळी, गोम, पाणविंचू असे अनेक अंध, फिकट जीव जगतात. ज्याला खरोखरच अपरिचित जग रचायचे असेल, त्याने समुद्रापेक्षा अशा जागेचा विचार करावा. येथे तो मुद्दा अवांतर आहे, म्हणून थांबतो.

मृगजळ

मला आता माणसांबद्दल विचारायचे आहे. त्या बेटावर पिढ्यान् पिढ्या माणसे राहत असतील तर त्यांची भाषा कशी असेल? साप नसलेल्या बेटावर "साप साप म्हणून भुई धोपटणे" असे कुणी म्हणणार नाही. "वासरांत लंगडी गाय शहाणी" हेही तेथे शक्य नाही. उलट गोगलगायी अशा बेटांवर पोहोचतात आणि भरपूर जातींत विभागतात, म्हणून "गोगलगाय अन् पोटात पाय" ही म्हण तेथे राहील. काल्पनिक जगांवरच्या बहुतेक लेखनात प्राणी नवे असतात, पण पात्रे मात्र आपल्याच म्हणी बोलतात, आणि मला ते फार खटकते.

गवताचे पाते

मृगजळ, हा मुद्दा या धाग्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा आहे असे मला वाटते. भीती कशाची, उपमा कशाची, शिवी कोणत्या प्राण्याच्या नावाने, हे सगळे त्या चाळणीतून ठरते. तेथली आई मुलाला झोपवताना कुणाची भीती घालेल? आकाशाचीच, कारण तेथे धोका फक्त वरून येतो.

जुना वाचक

मी बराच वेळ वाचत होतो. एक गोष्ट कुणी मांडली नाही, आणि ती मांडल्याशिवाय बेटाची गोष्ट अपुरी राहते असे मला मनापासून वाटते. माणूस आल्यानंतर अशी बेटे टिकत नाहीत.

मॉरिशसवर डच खलाशी १५९८ साली उतरले, आणि डोडोचे शेवटचे विश्वसनीय दर्शन १६६२ सालचे मानले जाते. माणसांनी मारले हे खरेच, पण जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी जमिनीवरची अंडी संपवली. न्यूझीलंडमध्ये माणूस तेराव्या शतकाच्या सुमारास पोहोचला आणि त्यानंतर एकदोन शतकांतच सगळे मोआ गेले. त्यांच्यावर जगणारा तो प्रचंड गरुडही त्यांच्यामागोमाग गेला.

पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर तपकिरी वृक्षसर्प आला आणि त्याने रानातले बहुतेक मूळ पक्षी संपवले. पक्षी गेल्यावर त्या रानातील कोळ्यांची जाळी पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या ४० पटींपर्यंत वाढलेली अभ्यासकांना आढळली. नि:शब्द रान आणि झाडाझाडांतून ताणलेली जाळी, हे दृश्य मी जेव्हा वाचले तेव्हा मला झोप लागली नव्हती.

बेटावरच्या प्राण्यांना भीती ठाऊक नसते. ते माणसाकडे चालत येतात. ओहोटी, तुमच्या कादंबरीत बाहेरून जहाज येणार असेल तर पहिल्या प्रकरणातले बेट शेवटच्या प्रकरणात तसेच राहू शकत नाही. ते तसेच राहिले, तर मला ते खोटे वाटेल.

ओहोटी

जुना वाचक, जहाज येते, पाचव्या प्रकरणात. त्यात उंदीर असतील हा विचार मी कधीही केला नव्हता, आणि आता त्याशिवाय दुसरे काही सुचत नाही.

एक शंका उरते. माझी कथा एका बाईच्या आयुष्याएवढ्या काळात घडते. तेवढ्या काळात उत्क्रांती दिसेल का, की ती फक्त पार्श्वभूमी म्हणूनच राहील?

शेवाळ

दिसेल. गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांची मोजमापे घेतली. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या आणि मोठ्या, टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचेच पक्षी प्रामुख्याने वाचले. पुढच्या पिढीची सरासरी चोच मोजता येईल इतकी मोठी झाली. १९८१ मध्ये दूरच्या बेटावरून एक मोठा नर तेथे आला, त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली, आणि काही पिढ्यांतच त्याची संतती फक्त आपापसांतच जोड्या जमवू लागली.

तुमच्या नायिकेने लहानपणी ऐकलेले पक्ष्याचे गाणे म्हातारपणी बदललेले असू शकते. मात्र नवा अवयव किंवा नवा देह एका आयुष्यात दाखवू नका.

ओहोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे मी एकही प्राणी लिहिला नाही. फक्त न आलेल्यांची यादी केली, आणि मग उरलेल्यांत कामे वाटली.

हत्ती आणि कोल्हे गेले. बेट मी २००० किलोमीटरांवरच ठेवले, म्हणून जड मनाने बेडूकही गेले. मात्र त्यांची चमक मी तळ्याकाठच्या बुरशीला दिली, कारण तिचे बीजाणू वाऱ्यावर येऊ शकतात. पाला खाण्याचे काम न उडणाऱ्या, गुडघ्याएवढ्या बदकांकडे आले आहे. गरुड त्यांच्यावर जगतो. बदके फक्त खालची पाने खातात, म्हणून झाडांची खालची पाने चिवट आणि वरची कोवळी आहेत, आणि बेटावरच्या माणसांना हे माहीत असल्यामुळे भाजी काढायला ती झाडावर चढतात. मृगजळ, तेथे एखाद्या उतावळ्या माणसाला "बुंध्याची पाने तोडणारा" असे म्हणतात.

मैत्रिणीला नवे पहिले प्रकरण वाचायला दिले आहे.

भूस्तर

बदके फार आवडली. एकच विचारतो : तुमच्या बेटावर वारा कोणत्या दिशेने येतो? उंच डोंगर असेल तर त्याच्या एका बाजूला घनदाट रान असेल आणि दुसरी बाजू कोरडी राहील, आणि तुमची बदके दोन्हीकडे सारखी असणार नाहीत.

ओहोटी

ईशान्येकडून. कोरड्या बाजूला मी अजून कुणालाच पाठवलेले नाही. उद्या सकाळी तिकडे जाऊन पाहते.